एका सतरा अंकी संख्येची कुळकथा

वाचकहो, प्रथम पुढील संख्या शांतपणे पाहावी :

१२३४५६७८९८७६५४३२१

एकापासून नऊपर्यंत पायरीपायरीने चढणारी आणि तशीच पुन्हा एकापर्यंत उतरणारी ही संख्या सतरा अंकी आहे. आपल्या नेहमीच्या पद्धतीने स्वल्पविराम दिले तर ती १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी लिहावी लागेल. शेवटचा भाग आपण सहज वाचू : अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख, चोपन्न हजार, तीनशे एकवीस. त्याच्या पलीकडे मात्र जीभ अडखळते, कारण कोटीपुढचा व्यवहार आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला येत नाही.

आता या संख्येविषयी चार वाक्ये सांगा असे कोणी म्हटले, तर आपण काय सांगू? ‘फार मोठी आहे’ हे पहिले वाक्य. दुसरे वाक्य बहुधा सुचणारच नाही. वस्तुतः मोठेपणा हा कोणत्याही संख्येचा सर्वात किरकोळ गुण होय. तिच्यात एक मिळविला की तिच्याहून मोठी संख्या तयार होतेच. माणसाची ओळख जशी त्याच्या वजनावरून होत नाही, तशीच संख्येची ओळखही तिच्या लांबीवरून होत नाही. ती कशाने बनली आहे, तिला कोणी नि:शेष भागते, तिचे अंक एकमेकांशी कसे वागतात, हे प्रश्न विचारावे लागतात. असे प्रश्न विचारून संख्यांच्या जाती आणि कुळे ठरविण्याचे काम माणूस दोन हजार वर्षांहून अधिक काळ करीत आला आहे.

मी इतिहासाचा शिक्षक आहे. तरीही या विषयात शिरण्याचे धाडस करीत आहे, कारण संख्येच्या प्रत्येक कुळामागे एखादे शहर, एखादे शतक आणि एखादा चिकाटीचा माणूस उभा असतो. वरील एका संख्येचे बोट धरून आपण बगदादपासून देवळालीपर्यंत जाऊन येऊ.

अठरा स्थाने

ही संख्या आपण केवळ नऊ चिन्हे वापरून लिहिली. हे शक्य झाले ते स्थानिक किमतीमुळे. एकच ‘१’ पहिल्या टोकाला उभा राहिला तर त्याची किंमत प्रचंड होते आणि शेवटच्या टोकाला उभा राहिला तर केवळ एक. शून्यासह दहा चिन्हांची ही पद्धत भारतात विकसित झाली. इ. स. ८२५ च्या सुमारास बगदादमध्ये मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिझ्मी यांनी या भारतीय गणनपद्धतीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मूळ अरबी ग्रंथ आज उपलब्ध नाही, त्याची लॅटिन रूपांतरे उरली आहेत. त्यांच्या नावावरूनच आजचा ‘अल्गोरिदम’ हा शब्द आला. शून्याला अरबीत ‘सिफ्र’ म्हणजे रिकामे असे नाव मिळाले आणि ही अंकपद्धती पुढे युरोपात गेली. याच ख्वारिझ्मींच्या बीजगणितावरील ग्रंथाचा मोठा भाग वारसांमध्ये मालमत्तेची वाटणी कशी करावी या विषयाला वाहिलेला आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. समीकरणे त्यांना घरातल्या प्रश्नासाठी हवी होती.

त्यानंतर सुमारे दोन शतकांनी अबू रैहान अल-बिरुनी हा ख्वारिझ्मचाच विद्वान संस्कृत शिकला आणि भारताविषयीचा आपला प्रसिद्ध ग्रंथ त्याने इ. स. १०३० च्या सुमारास पुरा केला. त्यात त्याने भारतीयांच्या अठरा अंकस्थानांची नोंद केली आहे. हीच अठरा स्थाने आपल्या महाराष्ट्राशी नाते असलेल्या भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’च्या आरंभी दिलेली आढळतात : एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. बोटे मोजून पाहा. आपल्या संख्येचा पहिला अंक सतराव्या, म्हणजे ‘मध्य’ या स्थानी बसतो. परार्धाच्या एक पायरी खाली ती उभी आहे. आज आपल्याला जी संख्या वाचता येत नाही, तिच्या प्रत्येक घराला नऊशे वर्षांपूर्वीच्या पाठ्यग्रंथात नाव होते.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केल्याचे त्यात नमूद आहे. या मठाला इ. स. १२०७ च्या सुमारास दान मिळाले. हा लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला. पुढे इ. स. १५८७ मध्ये बादशहा अकबराच्या इच्छेवरून फैजी या कवीने ‘लीलावती’चा फारसीत अनुवाद केला. बगदादला गेलेली विद्या अशी फारसीच्या पोशाखात पुन्हा हिंदुस्थानातच वाचली जाऊ लागली.

पूर्ण, विपुल आणि न्यून

संख्या लिहिण्याची सोय झाली. आता तिचे कूळ पाहू. ग्रीक लेखक निकोमाकस याने इ. स. १०० च्या सुमारास संख्यांचे तीन वर्ग सांगितले. एखाद्या संख्येला ज्या ज्या संख्यांनी नि:शेष भाग जातो त्या सर्वांची, ती संख्या स्वतः सोडून, बेरीज करावयाची. बेरीज मूळ संख्येइतकीच आली तर ती पूर्ण संख्या. उदाहरणार्थ ६ चे विभाजक १, २ व ३. त्यांची बेरीज ६. तसेच २८, ४९६ व ८१२८. बेरीज अधिक आली तर संख्या विपुल आणि कमी आली तर न्यून.

आपल्या सतरा अंकी संख्येची ही परीक्षा घेण्यासाठी सर्व विभाजक लिहून काढण्याची गरज नाही. तिचे मूळ अवयव कळले की पुरे. ही संख्या म्हणजे नऊ एक्क्यांच्या १११११११११ या संख्येचा वर्ग होय. आणि १११११११११ म्हणजे ९ × ३७ × ३३३६६७. यातील ३७ व ३३३६६७ या मूळ संख्या आहेत, त्यांचे आणखी तुकडे पडत नाहीत. म्हणून आपल्या संख्येत ३ चार वेळा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा गुणलेले आहेत. बाकी काही नाही. तीन मुळांवर उभा असलेला हा वृक्ष आहे. यावरून हिशेब केला तर तिचे एकंदर ४५ विभाजक निघतात आणि तिला स्वतःला वगळून इतरांची बेरीज तिच्या सुमारे साडेत्रेपन्न टक्के भरते. म्हणजे ती न्यून संख्या ठरली. एक ते नऊ यांची बेरीजही ४५ च होते, हे पाहून कोणाला मौज वाटेल. पण तो निव्वळ योगायोग आहे. योगायोग कोणता आणि नियम कोणता हे ओळखणे हीच गणिताची पहिली शिस्त.

निकोमाकसचा हा ग्रंथ अरबीत आणला साबित इब्न कुर्रा याने. तो हर्रानचा राहणारा, धर्माने साबी. बगदादमध्ये त्याने आयुष्य घालविले आणि इ. स. ९०१ मध्ये तेथेच तो मरण पावला. त्याने एक पाऊल पुढे टाकले. २२० चे विभाजक मिळवले तर २८४ येतात आणि २८४ चे मिळवले तर २२० येतात. एकमेकींच्या विभाजकांतून एकमेकींना घडविणाऱ्या अशा जोडीला मित्रसंख्या म्हणतात. ही एक जोडी प्राचीनांना ठाऊक होती. अशा जोड्या शोधण्याचा सर्वसाधारण नियम साबितने सांगितला आणि सिद्ध केला. या नियमाच्या वाटेने कमालुद्दीन अल-फारिसी याने इ. स. १३०० च्या सुमारास १७२९६ व १८४१६ ही जोडी दिली; फ्रान्समध्ये फर्मा याला ती १६३६ मध्ये सापडली. इराणच्या मुहम्मद बाकिर यझदी याने सतराव्या शतकात ९३६३५८४ व ९४३७०५६ ही जोडी काढली. त्याच शतकात, १६३८ मध्ये, देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या हातीही तीच आली.

पण या कथेतील माझी आवडती व्यक्ती वेगळीच आहे. १८६६ मध्ये निकोलो पागानिनी नावाच्या सोळा वर्षांच्या इटालियन मुलाने ११८४ आणि १२१० ही जोडी दाखवून दिली. इतकी लहान जोडी एवढ्या थोरांच्या नजरेतून निसटली होती. आपल्या अकरावीतल्या मुलाच्या वयाचा तो होता.

एक जिव्हाळ्याचा आकडा

येथे वाचकांच्या मनात आणखी एक संख्या आली असेल, ती म्हणजे ७८६. अरबी वर्णमालेतील प्रत्येक अक्षराला अब्जद पद्धतीत एक मूल्य दिलेले आहे. त्यानुसार ‘बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम’मधील चार शब्दांची मूल्ये अनुक्रमे १०२, ६६, ३२९ आणि २८९ येतात आणि त्यांची बेरीज ७८६ होते. म्हणूनच पत्राच्या माथ्यावर, दुकानाच्या पाटीवर हा आकडा दिसतो आणि ज्या नोटेच्या क्रमांकात तो असेल ती नोट कित्येक जण खर्च न करता जपून ठेवतात.

हा आदर आकड्याला मिळतो तो शब्दांमुळे. ती श्रद्धेची बाब आहे आणि तिची चर्चा येथे करावयाची नाही. पण गणिताच्या दृष्टीने ७८६ कोण आहे, हे विचारण्यास हरकत नाही. तिचे विभाजक १, २, ३, ६, १३१, २६२ व ३९३. बेरीज ७९८. म्हणजे ती विपुल संख्या आहे. हे उत्तर अब्जद ठाऊक नसलेल्या माणसालाही असेच मिळेल. थोर इतिहासकार इब्न खल्दून याने चौदाव्या शतकात लिहून ठेवले आहे की २२० व २८४ या मित्रसंख्यांचा उपयोग दोन माणसांत स्नेह उत्पन्न करण्याच्या ताइतांसाठी करणारे लोक असत. ताईत लिहिणाऱ्यांना आकड्यातला प्रभाव हवा होता, साबितला त्यातला नियम हवा होता. विद्या पुढे सरकली ती नियमाच्या मागे लागणाऱ्यांमुळे.

देवळालीचे मास्तर

आता आपल्या जवळच्या माणसाकडे येऊ. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूस झाला. आपल्या बोरिवलीहून विरारच्या पुढे जाणारी गाडी ज्या डहाणूला थांबते, तेच हे डहाणू. शालेय शिक्षण ठाण्यास, महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्यांना मिळाले आणि १९२९ मध्ये ते बी.एस्सी. झाले. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळच्या देवळाली येथे शाळामास्तर होते. पुढची पदवी त्यांनी कधी घेतली नाही. विद्यापीठाचे अध्यापकपद त्यांच्याकडे नव्हते, प्रयोगशाळा तर नव्हतीच. कागद, पेन्सिल आणि आकड्यांचे वेड एवढेच भांडवल.

आपली सतरा अंकी संख्या ही त्यांच्या लाडक्या संख्यांपैकी एक. त्यांनी अशा संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दिले. त्या काळच्या जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून तीस मैलांवर असलेल्या स्थानकावरून, म्हणजे आजच्या डोंबिवलीवरून, हे नाव पडले असे सांगतात. तेथे त्यांना या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना सुचली. डेम्लो संख्येचे तीन भाग पडतात. डावा आणि उजवा भाग मिळवले की सर्व अंक सारखे असलेली संख्या येते आणि मधल्या भागातही तोच अंक असतो. १२१ पाहा : मध्ये २, आणि दोन्ही टोकांच्या १ व १ ची बेरीज २. आपल्या संख्येत डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९, आणि मध्यावर ९ विराजमान!

हे असे का होते, तेही समजून घेऊ. १११ ला १११ ने गुणताना आपण तीन ओळी लिहितो, प्रत्येक ओळ एक घर सरकवून. उभ्या रांगांत अनुक्रमे एक, दोन, तीन, दोन, एक असे एक्के जमतात, म्हणून उत्तर १२३२१ येते. नऊ एक्क्यांच्या गुणाकारात अशा नऊ ओळी होतात आणि मधल्या रांगेत नऊ एक्के जमतात. दहा एक्के घेतले की मधल्या रांगेची बेरीज दहा होते, हातचा येतो आणि जिना मोडतो. तेव्हा उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे येते. म्हणजे आपली संख्या या सुंदर जिन्याची अखेरची अखंड पायरी आहे.

कापरेकरांची दुसरी देणगी म्हणजे हर्षद संख्या, अर्थात हर्ष देणारी. जिच्या अंकांच्या बेरजेने तिला स्वतःला नि:शेष भाग जातो ती हर्षद. पुढे परदेशात, आयव्हन निव्हेन यांच्या १९७७ मधील एका व्याख्यानानंतर, त्यांना निव्हेन संख्या असेही म्हणू लागले. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. भागून पाहा : भागाकार १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. संख्या हर्षद ठरली. आपली ७८६ मात्र हर्षद नाही. तिच्या अंकांची बेरीज २१ आणि २१ ने तिला पुरा भाग जात नाही.

तिसरे कूळ स्वयंभू संख्यांचे. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. ७७१ मध्ये १५ मिळवले की ७८६ येतात. तेव्हा ७७१ ला ७८६ ची जननी म्हणावे. काही संख्यांना अशी जननीच नसते. २०, ३१, ४२, ५३ या तशा. त्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटले. आपली सतरा अंकी संख्या स्वयंभू आहे काय? नाही. १२३४५६७८९८७६५४२४० ही तिची जननी. या जननीच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ मिळवताच आपली संख्या जन्मास येते. हे शोधण्यास संगणक लागत नाही. शेवटचे तीन अंक सोडून उरलेल्यांची बेरीज ७५ धरली की काम अर्ध्या पानात होते. वाचकांनी करून पाहावे.

चौथी परीक्षा कापरेकर संख्येची. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन भाग २० व २५ मिळवले की पुन्हा ४५. तसेच २९७ चा वर्ग ८८२०९ आणि ८८ अधिक २०९ म्हणजे २९७. आपल्या संख्येचे वर्गमूळ १११११११११ या परीक्षेत मात्र नापास होते. १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१ मिळवले की ९९९९९९९९९ येतात, म्हणजे वर्गमूळाच्या नऊपट. सर्व परीक्षांत उत्तीर्ण होणारी संख्या नसते आणि त्यात कमीपणाही नसतो. ती कोठे बसते आणि कोठे बसत नाही, यातूनच तिचे व्यक्तित्व ठरते.

आणि ज्या शोधाने कापरेकरांचे नाव जगभर गेले तो १९४९ मधील ६१७४ चा. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने लिहा, चढत्या क्रमाने लिहा आणि वजाबाकी करा. उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येणारच आणि तेथे गाडी कायमची थांबणार. त्यांचे जन्मसालच घेऊ. १९०५ पासून ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. मास्तरांचे जन्मसाल पूर्ण सात पायऱ्या चढून या स्थिरांकापाशी पोहोचते !

या कामाला त्या काळी पुष्कळांनी पोरखेळ मानले. बरेचसे लेखन त्यांना स्वतःच पुस्तिका काढून प्रसिद्ध करावे लागले. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगातील गणितप्रेमींच्या तोंडी झाले. त्या वेळी ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

संख्येचा गुण आणि लेखनाचा गुण

त्यांना हसणाऱ्यांचा आक्षेपही प्रामाणिकपणे समजून घेतला पाहिजे. आपली संख्या न्यून आहे, पूर्ण वर्ग आहे, तीन मुळांची आहे, हे गुण संख्येचे स्वतःचे आहेत. ती रोमन अक्षरांत लिहा किंवा खडे मांडून दाखवा, ते बदलणार नाहीत. याउलट ती हर्षद आहे, डेम्लो आहे, उलटसुलट वाचली तरी सारखीच आहे, हे गुण आपण दहा चिन्हांनी आणि स्थानिक किमतीने लिहितो म्हणून दिसतात. लिहिण्याची पद्धत बदलली की हे गुण टिकतीलच असे नाही. साबितचे काम पहिल्या जातीचे आणि कापरेकरांचे दुसऱ्या. पहिले अधिक खोल आहे, हे मान्य करावयास हवे.

पण दुसरे पोरके नाही. ज्या लेखनपद्धतीवर कापरेकर खेळले, ती या भूमीत घडली, अरबी ग्रंथकारांनी ती जगाकडे पोहोचविली आणि आज सर्व मानवजात तिच्यात हिशेब करते. त्या पद्धतीच्या पोटात कोणकोणते नियम दडले आहेत, हे पाहणे व्यर्थ कसे म्हणावे? शिवाय आज व्यर्थ वाटणारे उद्या काय ठरेल ते सांगता येत नाही. मोठ्या संख्येचे मूळ अवयव शोधणे हाही पूर्वी केवळ बुद्धीचा व्यायाम होता. १९७७ मध्ये पुढे आलेल्या आर. एस. ए. या पद्धतीत संदेशाची गुप्तता त्याच अवघडपणावर उभी केलेली आहे. आपल्या सतरा अंकी संख्येचे तुकडे संगणक क्षणात पाडतो. परंतु दोन प्रचंड मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनलेली सहाशेसतरा अंकी संख्या त्याला दाद देत नाही.

वाचकहो, हे सारे स्मरणिकेत लिहिण्याचे कारण सांगितले पाहिजे. आपल्या समारंभांत ‘बीजगणित आम्ही जगाला दिले’ हे वाक्य टाळ्या घेते. ते ऐकताना मुलांची मान उंचावते हे खरे. पण त्याच मुलांपैकी कित्येक जण दहावी होताच गणिताची वाट सोडतात. ‘दुकानापुरता हिशेब आला म्हणजे झाले’ असे घरातून ऐकू येते. मुलीच्या बाबतीत तर तेवढेही बोलले जात नाही, गणित तिच्यासाठी नाहीच असे गृहीत धरले जाते. पुढे बँकेची, रेल्वेची किंवा पोलीस भरतीची लेखी परीक्षा समोर येते, तिच्यात अंकगणित असतेच, आणि मग दार बंद झाल्याचे कळते.

ख्वारिझ्मींचा अभिमान वारसाहक्काने मिळत असेल. त्यांची विद्या मात्र वारशात वाटून मिळत नाही. आपण पाहिलेल्या मंडळींची यादी आठवा. निकोमाकस ग्रीक, साबित साबी, फारिसी व यझदी इराणी मुसलमान, भास्कराचार्य आणि कापरेकर हिंदू, पागानिनी इटलीतला पोरगा. २२० च्या विभाजकांची बेरीज करताना यांतील कोणालाही वेगळे उत्तर आले नाही. बेरीज करण्यास जो बसला, विद्या त्याची झाली. दुसऱ्याने केलेले काम परके म्हणून टाकून न देता साबितने ते भाषांतरित केले आणि मगच त्यात भर घातली. फैजीने संस्कृत ग्रंथाला हात लावताना कमीपणा मानला नाही. खरी परंपरा सांगावयाची असेल तर ती ही.

आपल्या संस्थेला इमारती हव्यात, संगणक हवेत, ग्रंथालय हवे. त्यासाठी आपण झटतच आहोत. पण देवळालीच्या मास्तरांनी जे केले त्यासाठी यांपैकी कशाचीही वाट पाहावी लागली नाही, हेही मुलांना कळले पाहिजे.

म्हणून पालकांना एक विनंती आहे. आज घरी गेल्यावर खिशातील एखादी नोट मुलासमोर आणि मुलीसमोरही ठेवा. तिच्यावरील सहा अंकी क्रमांकाच्या अंकांची बेरीज करावयास सांगा. त्या बेरजेने क्रमांकाला नि:शेष भाग जातो का? गेला तर ती नोट हर्षद. न गेल्यास त्या क्रमांकाची जननी सापडते का ते पाहावे. गोराईच्या जेटीवर लाँचची वाट पाहतानाही हा उद्योग करता येतो. त्याला पैसा पडत नाही. नोटेत ७८६ शोधणारी नजर आपल्याकडे आहेच. तीच नजर आणखी एक प्रश्न विचारू लागली, तर आपल्या वर्गांतूनही संख्यांना नवे नाव देणारा कोणी निघेल, अशी आशा बाळगण्यास इतिहासात भरपूर आधार आहे.